उसासा टाकणारा खण

आस्मुस लोरेन्झनला मोटार चालवता येत नाही. ही गोष्ट त्याने एकाहत्तर वर्षांत कोणापासून लपवली नाही आणि तिची त्याला लाजही कधी वाटली नाही. "वर छप्पर, खाली गादी, समोर काच. मी तर पहिल्या वळणालाच घोरायला लागेन," असं तो खुशाल सांगायचा. त्याच्याकडे बापाची काळी निम्बुस मोटारसायकल होती, ती भुंग्यासारखी गुणगुणत चालायची. धंदा सुतारकीचा. आणि सुतार काय साधासुधा! होयर गावापासून पार समुद्राच्या बांधापर्यंत ज्या घरात आस्मुसचं कपाट आहे, त्या घरातली माणसं पाहुण्याला आधी कपाटाचा वरचा खण ढकलायला लावतात. वरचा खण आत गेला की खालचा आपोआप बोटभर बाहेर येतो आणि येताना हलकेच उसासा टाकतो. आत कोंडलेली हवा, दुसरं काय! पण आस्मुसच्या मते जो उसासा टाकत नाही तो खण नव्हे, नुसता खोका.

एवढा कारागीर माणूस, आणि त्याची बायको आंके त्याच्या कामाला चव्वेचाळीस वर्षं एकच शब्द म्हणत आली होती, "चालेल."

आता खरं सांगायचं तर आमच्या भागात कौतुकाला सगळ्यांचीच जीभ जड. जेवण करपलं असेल तर माणूस म्हणतो, "पोट भरलं." बरं झालं असेल तर, "चालेल." आणि जीव ओवाळून टाकावा इतकं चांगलं असेल तर फार फार तर, "वाईट नाही." त्याच्या वर पायरीच नाही. आंकेने "वाईट नाही" म्हटल्याचे आस्मुसला तीनच प्रसंग आठवत होते. एकदा तिच्या बापाच्या लाल गाईला, एकदा स्वतःच्या आईने केलेल्या काळ्या पावाच्या केकला आणि एकदा नुकत्याच जन्मलेल्या आपल्या मुलीला. त्याने अख्खं स्वयंपाकघर ओकच्या लाकडात करून दिलं, तर चालेल. फार काय, लग्नाची मागणी घातली तेव्हाही बाईसाहेब म्हणाल्या, "चालेल." आस्मुस हे चारचौघांत हसून सांगायचा, पण आत त्याला ते सलायचं. एकदा, फक्त एकदा, त्याला तिच्या तोंडून तो दुसरा शब्द ऐकायचा होता.

ज्या केकला तो शब्द मिळाला होता, तो केक आता आंके करायची. आणि यंदा सगळं घोडं तिथेच अडलं.

ओस्टरबी हे आंकेचं माहेर, बावीस किलोमीटरवर. तिथल्या गावच्या हॉलमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला सुगीची कॉफी असते. कॉफी आपली नावाला. टेबलावर सात मऊ प्रकार, सात कडक, आणि चौदाच्या चौदा चाखल्याशिवाय कोणी उठला तर त्याने पुढच्या वर्षी तोंड दाखवू नये. एकेक प्रकार एकेका घराचा. दुसऱ्याचा प्रकार कोणी करायचा नाही. मात्र एखाद्या वर्षी तुमचा चुकला की तो दुसरं घर उचलतं, आणि उचललेला परत मिळत नाही. बोटिला म्हातारीचा पाय मोडला तेव्हा तिची बदामाची बिस्किटं शेजारणीने उचलली. पाय सहा आठवड्यांत जुळला. बिस्किटं अजून शेजारणीकडेच आहेत.

काळ्या पावाचा केक आंकेच्या आईचा, आणि आईनंतर आंकेचा. राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा चुरा, भाजलेले हेझलनट, आंबट मुरंबा, आणि मध्ये-वर घट्ट फेटलेल्या सायीचे थर. आई-बाप गेले, माहेरचं घर विकलं गेलं, गोठा पाडला. पण हॉलमधल्या टेबलावर खिडकीकडून तिसरी जागा आंकेच्या केकची होती. माहेर म्हणून तिच्याकडे उरलं होतं ते एवढंच.

मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आंके, आता गाडी चालवणं बंद. समोरच्या माणसाचा चेहरा तिला धुरकट दिसायचा, फलक तर दिसायचेच नाहीत. गाडी विकली. ऑगस्टमध्ये ओस्टरबीहून मेता क्लाउसनचा फोन आला. मेता म्हणजे हॉलच्या समितीची अध्यक्ष, आवाज मधाळ आणि नजर दुसऱ्याच्या ताटात.

"आंके, डोळ्यांचं कळलं गं. फार वाईट वाटलं बघ," मेता म्हणाली. "म्हणून म्हटलं, यंदा तू धावपळ करूच नकोस. काळ्या पावाचा केक मी करते. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

"एका वर्षाचा," आंके म्हणाली.

"आणि तू यायचंस हं नुसती! कोणीतरी आणेल तुला."

"माझा केक मी आणते, मेता," असं म्हणून आंकेने फोन ठेवला. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली. "चार आठवडे आहेत तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" आस्मुस म्हणाला.

"मग काय मेताकडे?"

रविवारी बस नाही. मेताला न्यायला बोलावणं म्हणजे केक तिच्या ताटात वाढून देणं. शेजारचा निस बॉयसन एका पायावर तयार होता, पण त्याच्या व्हॅनमधून आठवडाभर मेंढ्या जायच्या, आणि साय जे जवळ असेल त्याचा वास धरते. उरली निम्बुस.

तीस वर्षांपूर्वी आंके निम्बुसवर शेवटची बसली होती, मांडीवर हाच केक घेऊन. बांधाजवळ रस्त्यात एक फेझंट कोंबडा आडवा आला, आस्मुसने ब्रेक मारला आणि केक त्याच्या कॉलरमधून आत थेट कमरेपर्यंत उतरला. त्यानंतरच्याच आठवड्यात आंकेने मोटार शिकायला नाव घातलं, आणि ती पुन्हा म्हणून मोटारसायकलवर बसली नाही. रविवारी एकट्याने फिरताना आस्मुसला मागची रिकामी जागा जाणवायची.

"यंदा मांडीवर नाही घ्यायचा. पेटी करतो," तो म्हणाला. "मागे, तुझ्या पाठीशी, घट्ट बसवतो. आत खण. केक खणात."

"आणि कोंबडा?"

"कोंबड्याचं मी बघतो."

"चालेल," आंके म्हणाली.

आस्मुसने लार्च झाडाच्या फळ्या काढल्या, बारा वर्षं माळ्यावर सुकलेल्या. आंकेची केकची बशी, काचेची, उभ्या कडांची, त्याने चारही बाजूंनी मापली. कोपऱ्यांचे सांधे एका हाताची बोटं दुसऱ्यात गुंतवावीत तसे कापले, खिळा एकही नाही. बाहेरून चार हात वार्निश. आतून मात्र लाकूड कोरडं ठेवलं, कारण वार्निशचा वास महिना महिना जात नाही. आणि खण? इथे खरं तर कुठल्याही शिकाऊ सुताराने थोडी फट ठेवली असती. आस्मुसनेच आयुष्यभर शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं होतं, फट ठेवा, लाकूड फुगतं. पण ही पेटी आंकेसाठी होती. हिचा खण उसासा टाकल्याशिवाय कसा राहील! त्याने रंधा अलगद फिरवत फिरवत खण असा बसवला की मधून सिगारेटचा कागद जाऊ नये. ढकलला, की हवा हळूच बाहेर. आस्मुसने तो सकाळभर आत-बाहेर केला.

पेटी गाडीवर चढवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. त्याने लोखंडी पट्ट्या पकडीत आवळून वाकवल्या, त्या मागच्या चाकावरच्या चौकटीला बोल्टने जखडल्या आणि वर पेटी बसवली, हाताने फिरवायच्या चार कानवाल्या नटांवर. मग बशीत उकडलेल्या बटाट्याचा लगदा थापला. सायीला आंकेने साफ नकार दिला, म्हणून त्यावर दाढीचा फेस फवारला आणि स्वारी बांधावर निघाली. तिथे मेंढ्या ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी गज टाकलेले आहेत. तीन वेळा गजांवरून जाऊन तो परत आला आणि खण उघडला. फेस खणाच्या वरच्या फळीला आणि बटाटे चारही भिंतींना.

"हादरे खाली मरायला हवेत," निस कुंपणावरून म्हणाला. निसने तीस वर्षं गाई दोहल्या होत्या. तो घरात गेला आणि दूध काढायच्या यंत्राच्या रबरी नळ्या घेऊन आला. "हे घे. गाईच्या सडाला जे सोसतं ते तुझ्या केकला सोसेल."

नळ्यांचे तुकडे पट्टी आणि पेटी यांच्यामध्ये बसले. पुन्हा बटाटे, पुन्हा फेस, पुन्हा बांध. या खेपेला फेसाचं टोकसुद्धा वाकलं नाही. निसने कौतुकाने बोट बुडवलं आणि आस्मुस ओरडेपर्यंत ते तोंडात घातलं. त्याने ते गिळलं. मग भल्या माणसासारखा म्हणाला, "चालेल. साखर कमी आहे."

"दिसते मात्र मधमाश्यांच्या घरासारखी," निस जाता जाता पेटीकडे बघून म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं! फेस खातोस तू," आस्मुस म्हणाला.

रविवार उजाडला. आंकेने निळा कोट घातला, बापाची जुनी चामडी टोपी कानांवर ओढली आणि सव्वाबाराला स्वयंपाकघरातून हाक मारली, "तू तुझे हातमोजे शोध. केक मी ठेवते खणात."

आस्मुस आला तेव्हा खण बंद झाला होता. तो उसासा आपल्याला ऐकायला मिळाला नाही, याचं त्याला जरा वाईटच वाटलं. आंके मागे बसली. आधी तिने सीटची कड धरली. गाडी फाटकाबाहेर पडली तशी तिने त्याचा पट्टा धरला आणि बांधाच्या वळणावर दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती आले. आस्मुसला एकदम गाणं म्हणावंसं वाटलं. तीस वर्षं तो ज्या जागेची वाट बघत होता, ती भरली होती. केकच्या काळजीने सायकलच्या चालीने जाणाऱ्या निम्बुसमागून निसची व्हॅन येत होती, काही पडलं तर उचलायला, असं तो म्हणाला होता.

आणि खोटं वाटेल, पण बांध संपतो तिथे फेझंट उभा होता. रस्त्याच्या मधोमध.

"आस्मुस!" आंकेला दिसायला काय दिसत होतं देव जाणे, पण कोंबडा दिसला.

"बघतोय, बघतोय!"

त्याने गाडी इतकी हळू केली की निस व्हॅनमधून उतरून पुढे चालत गेला आणि त्याने टोपीने कोंबडा हाकलला. "आता हा त्याचा नातू असणार," आंके म्हणाली, आणि तिचं हसू आस्मुसला पाठीवर जाणवलं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना निम्बुस ओस्टरबीच्या हॉलसमोर थांबली. खिडकीत बायकांचे चेहरे गोळा झाले. मेता क्लाउसन पायरीवर आली, तोंडभर हसून.

"अगंबाई, आलात! आणि हे काय, मधमाश्या पण आणल्यात?"

निसने समाधानाने आस्मुसकडे बघितलं. आस्मुसने तिकडे लक्ष दिलं नाही. हातमोजे काढले, बायकांना नीट दिसेल अशा बेताने बाजूला उभा राहिला आणि खणाची मूठ धरून हलकेच ओढली.

खण आला नाही.

त्याने जरा जोर लावला. मग पाय चाकाला टेकवून लावला. पेटीसकट गाडी हलली, पण खण जिथल्या तिथे. त्याने फटीवर बोट फिरवलं, आणि लाकूड ओलं लागलं.

"आंके," तो हळू आवाजात म्हणाला, "आत काय ठेवलंस?"

"केक."

"आणखी?"

"ओला टॉवेल. बशीभोवती. साय गार राहायला आई नेहमी ठेवायची." आंकेचा आवाज बारीक झाला. "का? नव्हता ठेवायचा?"

आतलं कोरडं लाकूड दीड तास पाणी प्यायलं होतं आणि टम्म फुगलं होतं. दोष कोणाला द्यायचा? वार्निश न लावणाऱ्याला, की फट न ठेवणाऱ्याला? दोघंही आस्मुसच होते. टॉवेलवाली बिचारी फक्त तिच्या आईचं ऐकत होती.

"तुझा काही दोष नाही," तो म्हणाला. "लाकूड फुगलंय. चुलीशेजारी दोन-तीन तास ठेवली की सुकून सुटेल."

"दोन-तीन तास!" मेता म्हणाली. "कॉफी तर दोनला. मिनिटभरसुद्धा पुढे-मागे होत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण काळजी करू नका." ती गोड हसली. "माझ्या गाडीत एक आहे. काळ्या पावाचाच. असाच केला होता, असावा म्हणून. आणू का?"

आंकेने टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून हॉलच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. खिडकी तिला धड दिसत नव्हती, पण टेबलावरची तिसरी जागा कुठे आहे हे तिला पाठ होतं. आस्मुसने तिच्याकडे पाहिलं.

त्याने चारही कानवाले नट फिरवले, पेटी उचलली, मेताच्या शेजारून पायऱ्या चढला आणि हॉलमध्ये खिडकीकडून तिसऱ्या जागेवर ती ठेवून दिली.

"हातोडा," तो म्हणाला.

"काय?" दारातून निस म्हणाला.

"तुझ्या व्हॅनमध्ये कुंपणाचे खांब ठोकायचा हातोडा आहे. आण."

"अरे आस्मुस, तुझी पेटी—"

"आण म्हणतो ना!"

या माणसाने केलेल्या कपाटाच्या दारावर ओलं फडकं वाळत टाकलेलं दिसलं तर तो जेवण सोडून उठायचा. स्वतःचं काम त्याने जन्मात कधी मोडलं नव्हतं. आणि आता त्याने हातोडा घेतला, वरच्या फळीची कड बघितली, आणि तीन घावांत सांधे फोडले. लार्च असा तडकला की कॉफी ओतणारी बाई थबकली. फळी दूर झाली. ओला टॉवेल बाजूला सारून आस्मुसने दोन्ही हातांनी बशी उचलली आणि टेबलावर ठेवली.

साय ताठ. वर किसलेलं चॉकलेट जिथल्या तिथे. हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळात दोनला एक मिनिट कमी होतं.

सगळे बसले. बाराव्या प्रकाराला मेताच्या ताटात आंकेचा केक आला. मेताने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, काटा खाली ठेवला. सगळं टेबल ऐकत होतं, आणि खोटं बोलणं आमच्याकडे केक चुकवण्याइतकंच वाईट.

"वाईट नाही," मेता म्हणाली. कोणीतरी दात उपटून घ्यावा अशी म्हणाली, पण म्हणाली. तिच्या गाडीतला केक संध्याकाळी निसने खाल्ला, मेंढ्यांच्या व्हॅनमध्ये बसून.

कॉफी संपल्यावर आस्मुस बाहेर आला आणि पायरीवर बसून पेटीचे तुकडे पिशवीत भरायला लागला. आता त्याला वाईट वाटत होतं. चार आठवड्यांचं काम, जळणात जाणार. आंके येऊन शेजारी बसली. तिने एक तुकडा उचलला, न फुटलेला कोपरा. डोळ्यांजवळ नेला, पण तिला तो दिसेना. मग तिने त्यावर अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. एक फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते तिला लागेना. चव्वेचाळीस वर्षं ओकच्या स्वयंपाकघरात वावरली होती, पण त्याचा सांधा तिने असा चाचपून कधी बघितला नव्हता. तिने पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला.

"आस्मुस," ती म्हणाली.

"हं?"

"वाईट नव्हती."

आस्मुसचे हात पिशवीतच राहिले. त्याचं नाक लाल झालं, डोळे चुरचुरले, आणि ते लपवायला तो एकदम खेकसला, "नव्हती? आता सांगतेस होय, फोडल्यावर?"

"मग? आता ती आहे कुठे?" आंकेने तो कोपरा स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला. "पुढच्या वर्षीची जरा सैल कर."

"सैल केली तर खण उसासा टाकणार नाही."

"न टाकू दे," आंके टोपी कानांवर ओढत म्हणाली. "उसासे टाकायला मी आहे ना तुझ्या मागे बसलेली."